स्पीकरची केबल बदलली की आवाज का बदलतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावच्या एका गृहस्थांकडे चार ओहमचे उभे स्पीकर, एक चांगला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर आणि वडिलांच्या काळातील रेकॉर्ड प्लेयर आहे. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार भिंतीच्या कडेने फिरून साधारण पाच मीटर होते, आणि आज तिथे जुन्या होम थिएटरबरोबर आलेली बारीक तार जोडलेली आहे. विक्रेत्याने त्यांना स्पीकरची केबल, आरसीए जोड (एका उपकरणातून दुसऱ्यात सिग्नल नेणारी केबल) आणि पॉवर कॉर्ड असा चाळीस हजार रुपयांचा संच सुचवला आहे. एका मित्राच्या घरी केबल बदलल्यावर आवाज ‘मोकळा’ झाल्याचे त्यांनी स्वतः ऐकले आहे, आणि तरीही मन साशंक असल्यामुळे त्यांनी विचारले आहे की हा खर्च करावा का. पुढचे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

घरोघरी जाऊन ध्वनियंत्रणा बसवणे आणि दुरुस्त करणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे प्रथम हे सांगतो, की मित्राच्या घरी ऐकू आलेला फरक भ्रम होता असे मी म्हणणार नाही. तो खरा असू शकतो. मात्र असे फरक ज्या ज्या घरांत मी मोजून पाहिले आहेत, तिथे बहुतेक वेळा श्रेय नव्या तारेच्या धातूला नव्हे, तर तार बदलताना नकळत दुरुस्त झालेल्या सांध्याला जाते. केबल बदलणारा माणूस काय काय करतो ते पाहा: तो जुनी टोके काढतो, टर्मिनल पुसतो, नवी टोके सोलून घट्ट बसवतो आणि लाल-काळ्या खुणा नीट पाहून जोडतो. यांपैकी प्रत्येक कृतीने आवाज बदलू शकतो, आणि त्यांपैकी एकीलाही चाळीस हजार रुपये लागत नाहीत.

मुंबईत हे विशेषच खरे आहे. समुद्रावरून येणारी खारट हवा आणि पावसाळ्यातील चार महिन्यांचा दमटपणा यांमुळे उघड्या तांब्यावर हिरवट-काळसर थर चढतो. वायरमन मंडळी त्याला ‘कार्बन आला’ म्हणतात, पण प्रत्यक्षात ते तांब्याचे ऑक्साइड आणि क्षार असतात. स्क्रूखाली दाबलेल्या बारीक तारांच्या पिळात हा थर शिरला की सांध्याचा रोध वाढतो, आणि तो स्थिरही राहत नाही: स्पीकर थरथरला, तापमान बदलले, कोणी केर काढताना तारेला धक्का लागला, की बदलतो. वरळी, दादर, वांद्रे अशा समुद्रालगतच्या भागांत काही वर्षे न हललेले टोक सोलून पाहिले, तर आतल्या बाजूला बोटभर अंतरापर्यंत तांबे काळे पडलेले दिसते. अशा ठिकाणी कोणतीही नवी केबल, अगदी पंख्याच्या वायरिंगची सुद्धा, जोडल्याबरोबर आवाज उजळणारच.

दुसरे कारण ध्रुवता. दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी टोके उलटी जोडलेली असली, तर एका स्पीकरचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज मध्यभागी न उमटता खोलीभर विखुरल्यासारखा वाटतो. डग्ग्याची घुमक नाहीशी झाली आहे आणि तंबोरा कुठून वाजतो ते कळत नाही, अशी तक्रार आली की मी सर्वप्रथम हेच तपासतो. ज्या घरात ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असते, तिथे केबल बदलताना ती सुधारली की पडदा उघडल्यासारखा आवाज येतो, आणि घरमालक अर्थातच नव्या केबलचे आभार मानतो.

आता खुद्द तारेचा विचार करू, कारण तारेनेही फरक पडतो. फक्त तो कुठे पडतो आणि कुठे थांबतो हे हिशेबाने सांगता येते. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. आपली होम थिएटरची तार बहुधा अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल; पाच मीटर जायला आणि पाच मीटर यायला, म्हणजे दहा मीटरला, तिचा रोध ०.३४ ओहमच्या आसपास होतो. आठ ओहमच्या स्पीकरला हे फारसे जाणवले नसते. परंतु चार ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर सगळ्या स्वरांना चार ओहम नसतो: काही वारंवारतांना तो ३.२ ओहमपर्यंत उतरतो आणि अनुनादाजवळ २० ओहम किंवा त्याहून वर चढतो. बारीक तारेमुळे पहिल्या ठिकाणी सुमारे ०.९ डेसिबलची घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम ०.१५ डेसिबलची, म्हणजे स्पीकरच्या मूळ स्वरसमतोलात पाऊण डेसिबलची वाकडी रेघ ओढली जाते. स्वरपट्टा रुंद असेल तर एवढा बदल सरावलेल्या कानाला कळू शकतो. तेव्हा आपली सध्याची तार बदलण्याचा विक्रेत्याचा सल्ला, तेवढ्यापुरता, योग्य आहे.

त्याच जागी अडीच एमएमची (दुकानात असे म्हणतात, अर्थ अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तार घातली की दहा मीटरचा रोध ०.०७ ओहम होतो आणि ती वाकडी रेघ सुमारे दीड दशांश डेसिबलवर येते. व्यवसायात पूर्वापार चालत आलेला नियम असा आहे, की तारेचा एकूण रोध स्पीकरच्या घोषित इम्पिडन्सच्या (म्हणजे त्याच्यावर लिहिलेल्या ओहमच्या) पाच टक्क्यांहून कमी असावा. चार ओहमला ही मर्यादा ०.२ ओहम होते, आणि अडीच एमएम तिच्या खूपच आत बसते. ज्यांना मनाची पूर्ण खात्री हवी त्यांनी चार एमएमची तार घ्यावी. यापुढे धातू बदलून हाती लागणारे फारच थोडे आहे. ऑक्सिजनविरहित तांबे नेहमीच्या विद्युत-प्रतीच्या तांब्यापेक्षा फार तर टक्काभर अधिक वाहक असते, तर चांदी साधारण सहा टक्क्यांनी. जाडी अडीचवरून चारवर नेली की रोध थेट ३७ टक्क्यांनी घटतो. मग चांदीचे पैसे कशासाठी द्यायचे, हे मला कोणत्याही विक्रेत्याने आकड्यांत समजावून दिलेले नाही.

‘स्किन इफेक्ट’चे कारण वारंवार पुढे केले जाते, म्हणून त्याविषयीही सांगतो. उच्च वारंवारतेला विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरेच आहे. २० किलोहर्ट्झला तांब्यात त्याची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत असते. पण अडीच एमएमची तारच मुळात पावणेदोन मिलिमीटर व्यासाची असते, त्यामुळे कानाच्या अगदी शेवटच्या टोकाला तिचा मुळातला नगण्य रोध थोडासा वाढतो, एवढाच त्याचा परिणाम. डॅम्पिंग फॅक्टरचे, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला आवरण्याच्या क्षमतेच्या आकड्याचे, तसेच आहे. अॅम्प्लिफायरच्या पत्रकावर शेकड्यांत आकडा लिहिलेला असतो आणि केबलने तो ‘वाया जातो’ असे सांगतात. परंतु स्पीकरच्या पडद्याला आवर घालणाऱ्या मंडलात व्हॉइस कॉइलचा स्वतःचा रोधच तीन ते सहा ओहम असतो, आणि त्याच्याशेजारी केबलच्या ०.०७ ओहमला काही वजन उरत नाही.

खरेदी करताना सावध राहण्याची जागा वेगळीच आहे. लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन दुकानांतही जाड, पारदर्शक, दिसायला देखणी स्पीकर-वायर स्वस्तात मिळते, ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते, ती वाकवताना लवकर तुटते आणि तिची टोके आपल्या दमट हवेत तांब्याहून वाईट रीतीने खराब होतात. ओळखायची पद्धत सोपी आहे: एक तंतू ब्लेडने खरवडला की आतून पांढरा धातू दिसतो, आणि गुंडाळी हातात घेतली की तिच्या आकाराच्या मानाने ती हलकी लागते, कारण अॅल्युमिनियमची घनता तांब्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असते. मी घरोघरी बहुतेक वेळा आयएसआय छापाची, नामांकित कंपनीची, घरच्या वायरिंगसाठी मिळणारी अडीच एमएमची मऊ, अनेक तंतूंची लाल आणि काळी तार घेतो आणि दोन्ही एकत्र पीळ देऊन ओढतो. दोन स्पीकरांसाठी तिला फार तर काही शे रुपये लागतात. समुद्राच्या तोंडावर घर असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी; नौकांमध्ये तीच वापरतात, आणि ते कारण आपल्याला पुरेसे आहे.

टोकांची काळजी मात्र तारेपेक्षा जास्त घ्या. स्क्रूखाली जाणाऱ्या पिळाला सोल्डर लावून कडक करण्याची सवय अनेक कारागिरांना असते. ती चुकीची आहे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि वर्षभरात स्क्रू सैल पडतो. त्याऐवजी तांब्याचे लग किंवा फेरूल दाबून बसवावे, किंवा चांगल्या प्रतीचा बनाना प्लग लावावा. दर पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत, प्रत्येक जोड एकदा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत घालावा. उघड्या टोकांवर काळेपणा दिसला तर घासत बसू नका. टोक दोन इंच मागे कापा आणि नवे सोला.

सांधा चांगला आहे की नाही हे मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. त्यासाठी मी अशी पद्धत वापरतो: मोबाइलवरून १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर हळू आवाजात वाजवतो, आवाज असा ठेवतो की अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर एसी २ व्होल्ट यावेत, आणि मग स्पीकरच्या टर्मिनलवर मोजतो. तिथे १.९५ किंवा त्याहून अधिक मिळाले तर त्या केबलला हात लावू नये. १.९ च्या खाली आले तर प्रथम प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे मोजून दोष शोधावा, आणि सांधे निर्दोष निघाले तरच तार बदलावी. आपण हे काम एका संध्याकाळी स्वतः करू शकाल.

आरसीए जोडाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे प्रवाह नगण्य असतो आणि तारेच्या रोधाला किंमत नसते. तिथे महत्त्व असते ते बाहेरच्या जाळीला. या जोडात जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर त्या फरकाचा प्रवाह जाळीतून वाहतो आणि जाळीच्या रोधावर पडणारा दाब थेट संगीतात मिसळतो. म्हणूनच पातळ जाळीची केबल काढून दाट विणीची घातली की ५० आणि १०० हर्ट्झची घरघर कमी होते, आणि घरघर कमी झाली की बारीक तपशील ऐकू येतात. हा फरक खरा आहे. पण तो मिळवण्यासाठी दाट जाळीची, स्टुडिओत वापरतात तसली साधी कोॲक्सियल केबल पुरते. मूळ रोग अर्थिंगच्या लूपचा असेल तर तोच बरा करावा: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर लावावेत, आणि केबल टीव्हीच्या तारेतून घरघर येत असेल तर तिथे आयसोलेटर घालावा. घरघर थांबवण्यासाठी तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकणारे लोक आजही भेटतात; तसे कधीही करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

काही केबलींवर बाण छापलेले असतात आणि त्यांची चेष्टा होते. जाळी एकाच टोकाला जोडलेली आणि आत दोन स्वतंत्र तारा असलेली केबल असेल, तर जाळीचे जोडलेले टोक कोणते हे दाखवायला तो बाण उपयोगी आहे. तांब्यातून संगीत एका दिशेने अधिक चांगले वाहते असा त्याचा अर्थ नाही, कारण तो प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलत असतो.

आपल्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे म्हणून एक जागा मुद्दाम सांगतो, जिथे केबलची निवड निर्विवादपणे ऐकू येते आणि जिचा विक्रेत्याने उल्लेखही केलेला नाही. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या काड्रिजच्या (रेकॉर्डवर फिरणारी सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) कॉइलचे प्रवर्तन मोठे असते, अर्ध्या हेन्रीच्या आसपास, आणि केबलच्या धारकतेबरोबर (कपॅसिटन्स) ते एक अनुनादी मंडल बनवते. एकूण धारकता १५० पिकोफॅरड असेल तर अनुनाद १८ किलोहर्ट्झच्या वर बसतो. ती ३०० झाली की तो १३ किलोहर्ट्झवर उतरतो, म्हणजे थेट झांजा, तंबोऱ्याची जवारी आणि ‘स’कारांच्या प्रदेशात. काड्रिजच्या पत्रकात किती पिकोफॅरड हवेत ते लिहिलेले असते. अनेक काड्रिजांना १०० ते २०० लागतात, काहींना त्याहून जास्त. साध्या कोॲक्सियलची धारकता मीटरला १०० च्या जवळपास असते, शिवाय टोनआर्ममधील (काड्रिज धरणाऱ्या दांडीतील) तार आणि फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडण्याची जागा, आपापली भर घालतात. त्यामुळे इथे केबल आखूड आणि कमी धारकतेची हवी. सीडी प्लेयर किंवा स्ट्रीमरच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यांचे आउटपुट काही शे ओहमचे असते आणि दोन मीटरच्या केबलने होणारी घट मेगाहर्ट्झच्या पलीकडे सुरू होते.

पॉवर कॉर्डवर पैसे घालू नका. उपकेंद्रापासून आपल्या सॉकेटपर्यंत वीज ज्या तारांतून येते त्या शेवटच्या दीड मीटरने बदलत नाहीत, आणि अॅम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर तिचे डीसीमध्ये रूपांतर होऊन ती मोठ्या कपॅसिटरांत साठते. मात्र मुंबईतील जुन्या इमारतींत आणि चाळींत तीन भोकांच्या सॉकेटला अनेकदा अर्थच जोडलेला नसतो. अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर परवानाधारक वायरमनकडून अर्थ तपासून घ्या, आणि पावसाळ्यातील व्होल्टेजच्या उसळ्यांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावा. पॉवर कॉर्डसाठी काढून ठेवलेल्या पैशांचा याहून चांगला विनियोग मला दिसत नाही.

एचडीएमआय, ऑप्टिकल आणि यूएसबीविषयी एवढेच, की त्यांतून आकडे जातात. केबल अपुरी पडली तर आवाज तुटतो किंवा चित्रात ठिपके चमकतात. गायकाचा गळा अधिक गोड किंवा अधिक रुक्ष होत नाही.

मग जाणकार लोक फरक ऐकल्याचे इतक्या खात्रीने का सांगतात? ते खोटे बोलतात असे मी मानत नाही. केबल बदलायला दोन-चार मिनिटे जातात, आणि आवाजाच्या सूक्ष्म छटांची आठवण कानात काही सेकंदच ताजी राहते. त्या फटीत अपेक्षा शिरते. शिवाय दोनपैकी एक बाजू किंचित जरी मोठ्याने वाजली तरी कान तिला ‘मोठी’ न म्हणता ‘चांगली’ म्हणतो, म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते; व्होल्टेजमध्ये हा फरक एका टक्क्याच्या थोडा वर असतो. अमेरिकेतील स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने १९८३ साली ३० फुटी स्पीकर-केबलींची अशी डोळे झाकून चाचणी घेतली होती. अतिशय बारीक २४ गेजची तार पिंक नॉइजवर (सर्व स्वर मिसळलेल्या, चाचणीच्या सळसळत्या आवाजावर) ऐकणाऱ्यांना ओळखता आली, कारण तिच्यामुळे पातळीच घसरत होती. पण साधी १६ गेजची तार आणि नावाजलेली जाड केबल यांतील फरक संगीतावर सांगता आला नाही. केबल शंभर तास वाजवली की ‘मोकळी’ होते हा समज मला याच जातीचा वाटतो: शंभर तासांत तांबे बदलत नाही, ऐकणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावतो.

आता आपल्या दिवाणखान्याकडे वळतो, कारण खरे डेसिबल तिथे दडलेले आहेत. बारा फूट रुंदीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास एक अनुनाद ठाण मांडून बसतो, आणि बसण्याच्या जागेप्रमाणे खालचे स्वर दहा-पंधरा डेसिबलने फुगतात किंवा गळतात. केबलच्या दीड दशांश डेसिबलशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. त्यात आपली घरे म्हणजे गुळगुळीत फरशा, प्लास्टरच्या उघड्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. टाळी वाजवली की खणखणाट परत येतो. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढणे, बसण्याची जागा मागच्या भिंतीला टेकवून न ठेवणे, समोर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा आणि बाजूच्या भिंतीवर पुस्तकांनी भरलेले कपाट: एवढ्याने जो बदल होईल तो शेजारच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसालाही कळेल. जागा कमी आहे हे मला ठाऊक आहे. स्पीकर रोज मागे ढकलायचे आणि ऐकताना पुढे ओढायचे, अशी सोय अनेक घरांत मी चाकांच्या लाकडी पाटांवर करून दिली आहे, आणि तेवढ्यासाठी तार दीड मीटर जास्त लांब ठेवली आहे. तशी तार लांब ठेवणार असाल तर अडीचऐवजी चार एमएमच घ्यावी.

तेव्हा आपण प्रथम बारीक तार काढून अडीच किंवा चार एमएमची तांब्याची तार घाला, टोकांना लग बसवा, लाल-काळे दोनदा तपासा आणि वर सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज मोजा. त्यानंतर काड्रिजचे पत्रक काढून फोनो केबलची धारकता जुळवा. उरलेल्या पैशांतून काड्रिजची सुई बदलणे, अर्थिंग करून घेणे आणि गालिचा-पडदे घेणे या क्रमाने जा. एवढे सगळे झाल्यावरही विक्रेत्याची केबल मनातून जात नसेल, तर परत घेण्याची लेखी हमी घेऊन ती आठवड्यासाठी घरी आणा. घरच्या कोणाला तरी पडद्याआड बसवा, त्याने दर वेळी नाणे उडवून, अॅम्प्लिफायर बंद करून, केबल बदलावी किंवा बदलल्याचे नुसते नाटक करावे, आणि आपण न पाहता कोणती ते सांगावे. सोळा वेळांपैकी बारा किंवा अधिक वेळा बरोबर ओळखलेत, तर निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तसे झाले तर मला जरूर बोलवा. मी मीटर घेऊन येईन, कारण त्या दोन केबलींत मोजता येईल असे काहीतरी वेगळे असणार, आणि ते काय आहे हे मलाही जाणून घ्यायचे आहे.